कापड चावणारी कात्री: शिवणवर्गातल्या एका डावऱ्या मुलीचं प्रकरण

गेली सतरा वर्षं मी सांगली जिल्ह्यात मुलींना आणि बायकांना शिवणकाम शिकवते. वर्ग सहा महिन्यांचा असतो. आधी ड्राफ्टिंग, म्हणजे मापाप्रमाणे कागदावर आकार आखणं, मग झबलं, फ्रॉक, परकर, आणि शेवटचे दोन-अडीच महिने फक्त ब्लाउज, कारण आमच्या भागात बाईला घरबसल्या चार पैसे मिळतात ते ब्लाउजवरच. इतक्या वर्षांत कुणाला काय जमत नाही आणि का जमत नाही, हे मला पहिल्या आठवड्यातच कळतं असा माझा समज होता. एका मुलीच्या बाबतीत तो साफ चुकला. त्या चुकीची नोंद दुसऱ्या शिकवणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून हे लिहिते आहे. मुलीची परवानगी घेतली आहे. नाव देत नाही.

मुलगी एकोणीस वर्षांची, तासगावकडच्या द्राक्षबागांच्या गावातली. बारावी झालेली. घरी आई-वडील, धाकटा भाऊ आणि आजी. बागेच्या छाटणीच्या दिवसांत घरच्यांसोबत कामाला जाणारी, म्हणजे हाताला कामाची सवय नाही असं नव्हतं. जूनमध्ये वर्गात आली. रजिस्टरवर सुबक अक्षरात सही केली, उजव्या हाताने. ही सही लक्षात ठेवा, पुढचा सगळा घोटाळा तिच्यापासून सुरू झाला.

काय बिघडत होतं

ड्राफ्टिंगमध्ये ती वर्गात पहिली-दुसरी होती. मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडतात तिथला बाक, गळ्याची खोली, टक्सच्या चुण्यांची जागा, एकदा सांगितलं की पुरे. मशीनवर बसली तर चौथ्या दिवशी सरळ टीप मारायला लागली. बाकीच्या मुलींचं कापड पायाखालून वाकडं पळतं, हिचं रेषेत जायचं. मला वाटलं, ही वर्गाचं नाव काढणार.

मग कात्री हातात आली आणि सगळं फिसकटलं. मांजरपाटाचे दोन थर एकावर एक ठेवून परकराची पट्टी कापायला दिली तर कड करवतीने कापल्यासारखी दातेरी. वरचा थर एकीकडे, खालचा दुसरीकडे. अस्तराच्या पातळ कापडावर तर कात्री चालेचना. कापड दोन पात्यांमध्ये दुमडून अडकायचं. ती म्हणायची, "मॅडम, कात्री चावतीय." शिवणकामात हा शब्द सगळे वापरतात. बोथट कात्री कापड चावते. मी तिला दुसरी कात्री दिली. तीही चावली. मी ती हातात घेऊन कापून बघितलं तर लोण्यासारखी चालली.

इथे मी जे केलं ते लपवत नाही. "कात्री चांगली आहे, तुझं लक्ष नाही," असं तिला सगळ्यांसमोर म्हटलं. एकदा नाही, तीन-चारदा. माझ्या वहीत जुलैच्या पहिल्या आठवड्याची नोंद आहे: "ड्राफ्टिंग उत्तम. कटिंगमध्ये धांदरट. सराव हवा." सराव वाढवला. रोज जुन्या साडीचे तुकडे कापायला बसवलं. इतर मुली साध्या कपड्याचं कटिंग अर्ध्या तासात करत होत्या तेव्हा तिला जवळजवळ एक तास लागत होता, आणि झालेलं कटिंग मला कात्री मारून परत सारखं करावं लागे.

कात्री हातात आल्यापासून तिसऱ्या आठवड्यात तिने येणं बंद केलं. पाचव्या दिवशी मी फोन केला तर आईने उचलला. "तिचा अंगठा सुजलाय, मॅडम. ती म्हणतीय मला न्हाई जमत शिवण." मी म्हटलं, अंगठा दाखवायला तरी ये.

ती आली. मी म्हटलं, दाखव. तिने हात पुढे केला, तो डावा होता.

उजव्या सहीमागचा डावा हात

अंगठ्याच्या बुडाशी घट्टा पडला होता, भोवती लाल सूज. म्हणजे तीन आठवडे ही मुलगी माझ्यासमोर डाव्या हाताने कापत होती आणि मला ते दिसलं नव्हतं. कसं दिसलं नाही, याचा मी खूप विचार केला. एक तर कापताना मी तिच्या हाताकडे बघतच नव्हते, कापडाकडे बघत होते. आणि दुसरं, ती उजव्या हाताने लिहिते, उजव्या हाताने डबा खाते, उजव्या हाताने फीचे पैसे देते. माझ्या डोक्यात तिची नोंद उजव्या हाताची अशी पक्की झाली होती.

तिच्याशी आणि मग घरी जाऊन आजीशी बोलल्यावर सगळी गोष्ट कळली. लहानपणी ती सगळं डाव्या हाताने करायची. आजी सांगत होती, "आंबा पाडायचा तर दगूड डाव्या हातानंच. नेम पन चुकायचा न्हाई." जेवताना आजीने तिचा डावा हात मांडीखाली दाबून बसायला शिकवलं. तीर्थ घ्यायचं, तिळगूळ घ्यायचा, हळदीकुंकवाला वाण द्यायचं, सगळं उजव्या हाताने. पहिलीत गेल्यावर पाटीवर डाव्या हाताने लिहिलं की हातावर पट्टी बसायची. दिवाळीपर्यंत ती उजव्या हाताने लिहायला लागली. घरात सगळ्यांना वाटलं, सुटली एकदाची सवय.

सुटलेली काहीच नव्हती. लोकांसमोर येणारी कामं तेवढी उजव्या हाताकडे गेली होती. लिहिणं, खाणं, देणं-घेणं. बाकी सगळं, म्हणजे केर काढणं, वेणी घालणं, चेंडू फेकणं, बागेत डहाळी कापणं, सुई धरणं, हे डाव्या हाताकडेच राहिलं, कारण तिकडे कुणी बघत नव्हतं. विळीवर तिला कधीच अडचण आली नाही, कारण विळीचं पातं मधोमध उभं असतं, ज्या हाताने भाजी रेटायची त्या हाताने रेटा. छाटणीची कात्री मात्र जड जाते म्हणाली. तेव्हा मला सगळं जुळायला लागलं.

आजीने मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "डावरी हाय म्हनून कुनाला सांगू नगा बाई. पोरीचं लगीन व्हायचंय." त्या म्हातारीचा मला राग आला नाही. तिने नातीला जपण्यासाठीच हे केलं होतं. आपल्या भाषेतच बघा, जो सरस तो उजवा ठरतो, ज्याला बाजूला सारायचं त्याला डावलतात. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर पोह्यांची बशी डाव्या हाताने पुढे केली तर काय होईल, हे आजीला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

पण माणसाचा हात कुठला, हे लिहिण्यावरून ठरवणं किती फसवं आहे, हे मला या प्रकरणात कळलं. जगातल्या हातांच्या पाहण्या एकत्र करून 2020 मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे चोवीस लाख माणसांची माहिती होती. डावखुऱ्यांचं प्रमाण 10.6 टक्के धरता येईल असं त्यात निघालं. पण डावखुरं कुणाला म्हणायचं याची कसोटी बदलली की तोच आकडा 9.3 पासून 18.1 टक्क्यांपर्यंत जातो. मधल्या फरकात माझ्या या विद्यार्थिनीसारखी माणसं असणार, एका कामाला एक हात आणि दुसऱ्याला दुसरा. आमच्या सांगलीची स्मृती मानधना फलंदाजी डावी करते आणि चेंडू उजव्या हाताने टाकते. सचिन तेंडुलकर सही डाव्या हाताने करतो, फलंदाजी आयुष्यभर उजवी केली. मैदानावर हे सगळ्यांना चालतं, कौतुकच होतं. शिवणवर्गात मात्र मी सही बघून हात ठरवला.

कात्री उलटी धरली तरी उजवीच राहते

आता थोडं कात्रीबद्दल, कारण सतरा वर्षं रोज हातात असूनही मला हे धड माहीत नव्हतं.

कात्री म्हणजे दोन सुऱ्या नव्हेत. दोन पाती एकमेकांना घासून गेली तरच कापड कापलं जातं. त्यांच्यात केसाएवढी फट पडली की कापड कापलं न जाता त्या फटीत दुमडतं. ही पाती नुसत्या स्क्रूने दाबलेली नसतात, आपली मूठही त्यांना दाबत असते. उजव्या हाताची मूठ मिटते तेव्हा अंगठा नकळत बाहेर रेटतो आणि बोटं आत ओढतात. त्या रेट्याने पाती एकमेकांना चिकटतात, कारण कात्री तशीच घडवलेली असते. तीच कात्री डाव्या हातात घेतली की रेटा बरोबर उलटा होतो. पाती फाकतात. कात्री चावते. तिचं म्हणणं पहिल्या दिवसापासून अक्षरशः खरं होतं.

दुसरी गोष्ट नजरेची. कापताना आपल्याला खडूची रेघ दिसावी लागते. उजव्या हाताच्या कात्रीत वरचं पातं उजवीकडे असतं, म्हणून डावीकडून डोकावणाऱ्या उजव्या माणसाला रेघ उघडी दिसते. डाव्या हाताने धरली की तेच पातं रेघेवर येतं आणि ती झाकतं. म्हणजे ही मुलगी रेघ न बघता, अंदाजाने कापत होती. तिचं कटिंग दातेरी येत होतं त्यापेक्षा ते आकारात येत होतं, याचंच आता मला आश्चर्य वाटतं.

आणि तिसरी, मुठीची. टेलरिंगच्या कात्रीचा बाक टेबलावर सपाट बसावा असा असतो, बोटांचं भोक मोठं, अंगठ्याचं लहान आणि आतून तिरकं घासलेलं. ते तिरकेपण उजव्या अंगठ्यासाठी असतं. डाव्या अंगठ्याला त्याची धार लागते. पाती फाकू नयेत म्हणून तिने आपसूक एक युक्ती शोधली होती, अंगठा आत ओढायचा आणि बोटांनी बाहेर रेटायचं. निसर्गाच्या उलट जोर. घट्टा आणि सूज त्यातूनच आली.

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की कात्री फिरवून, उलटी करून धरली तर? करून बघा. काही फरक पडत नाही. टोकं पुढे ठेवून कात्री कशीही पालथी केली तरी वरचं पातं उजवीकडेच येतं. डाव्या हातासाठी कात्री मुळातूनच आरशातल्यासारखी घडवावी लागते. पाती उलटी, धारेचा उतार उलटा, मूठ उलटी.

काय केलं

सरकारी दवाखान्यात अंगठा दाखवला. दहा दिवस कात्रीला हात लावायचा नाही असं सांगितलं. ते दहा दिवस तिने मशीनवर काढले आणि तिथे मला एक गोष्ट नीट बघायला मिळाली. मशीनवर तिला त्रास का होत नव्हता? चाक उजवीकडे असतं, सुई डावीकडच्या टोकाला, आणि कापडाचा सगळा पसारा सुईच्या डावीकडे. कापड खेळवतो तो मुख्यतः डावा हात. उजव्या मुलींना महिनाभर डावा हात वळवावा लागतो, हिचा आधीच वळलेला होता. म्हणून चौथ्या दिवशी सरळ टीप. मी ते हुशारी म्हणून नोंदवलं होतं आणि कटिंग धांदरटपणा म्हणून. दोन्ही एकाच हाताची कामं होती.

तिला उजव्या हाताने कापायला शिकवावं का, हा प्रश्न मी खरोखर विचारात घेतला. अनेक डावखुरे टेलर तसं करतात आणि चांगलं काम करतात. तीन दिवस प्रयत्न करून बघितला. तिने तक्रार केली नाही, पण हात थरथरत होता, आणि तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "पाटीवर लिहिताना असंच व्हायचं, मॅडम." मी तिथेच थांबले. एकदा तिचा हात मोडून वळवला गेला होता. दुसऱ्यांदा ते माझ्या वर्गात होऊ द्यायचं नव्हतं.

डाव्या हाताची टेलरिंग कात्री शोधायला लागले. सांगली, मिरज, कोल्हापूर, कुठेच नाही. पुण्याला गेले तेव्हा बोहरी आळीत विचारलं. "मागतं कोण, म्हणून ठेवत नाही," असं उत्तर मिळालं. मागणारे मागत नाहीत कारण अशी वस्तू असते हे त्यांना माहीत नाही, आणि माहीत होत नाही कारण ती दुकानात दिसत नाही. हे चक्र कुणीतरी मधूनच तोडायला हवं. आपल्याकडे कात्रीचं मोठं गाव मेरठ. तिथल्या कात्रीला 2013 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भंगारातल्या लोखंडापासून पिढ्यान् पिढ्या हाताने कात्र्या घडवणारे ते कारागीर. त्यांना उलटी जोडी घडवणं अवघड नाही, पण त्यासाठी साचा आणि घासण्याची पद्धत वेगळी ठेवावी लागते, आणि एका कात्रीसाठी कुणी ती ठेवत नाही.

शेवटी ऑनलाइन मागवली. पहिली आली ती "दोन्ही हातांसाठी" असं लिहिलेली. मूठ सारखी गोल होती, पण पाती उजवीच. डाव्या हातात तीही चावली. परत पाठवली. हा सापळा आहे, नीट लक्षात ठेवा. ओळखायचं कसं? टोकं वर करून, कात्री उघडून समोर धरा. तुमच्या बाजूचं, म्हणजे वरचं पातं उजवीकडे झुकलं असेल तर कात्री उजव्या हाताची. डावीकडे झुकलं असेल तरच ती खरी डावी. फोटोतही हे दिसतं. दुसऱ्या खेपेला मी फोटो मोठा करून आधी पातं बघितलं, मग पैसे भरले. आमच्या वर्गातल्या नेहमीच्या कात्रीच्या तिप्पट किंमत पडली. निम्मे पैसे मी दिले, निम्मे तिच्या वडिलांनी, काही न बोलता.

कात्री आली तो दिवस आनंदाचा जाईल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. पहिल्या आठवड्यात तिचं कटिंग आधीपेक्षा बिघडलं. ती रडवेली झाली, मी घाबरले. मग लक्षात आलं की तिच्या हाताने इतक्या वर्षांत उलटा जोर लावायची सवय करून घेतली होती. घरातली साधी कात्रीही ती तशीच चालवत आली होती. आता कात्री बरोबर होती आणि जोर अजून उलटाच. ती सवय उतरवायला हवी होती. मी तिला वर्तमानपत्राच्या लांब पट्ट्या कापायला दिल्या आणि एकच सूचना दिली: अंगठ्याने काहीच करू नकोस, नुसती मूठ मीट. कागदावर पाच दिवस, मग मांजरपाट, मग अस्तर. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी अस्तर कापताना कात्रीचा सलग सर्रर्र आवाज आला. वर्गातल्या सगळ्या मुलींनी वळून बघितलं. तो आवाज ज्यांच्या हाताला माहीत आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. ती पुढे काही बोलली नाही, दुसरा तुकडा घेतला आणि परत कापला, फक्त तो आवाज ऐकायला.

महिन्याभराने ब्लाउजचं कटिंग अर्ध्या तासात. वर्ग संपताना पंचवीस मिनिटांच्या आत. दुरुस्तीची कात्री मला मारावी लागली नाही.

हातशिलाई आणि एक नवी चूक

कटिंगचं मिटलं तसं हातशिलाईचं आलं. तुरपाई आपण उजवीकडून डावीकडे घालत जातो. मी नेहमी मुलीच्या शेजारी बसून दाखवते. हिच्या शेजारी बसून दाखवलं की तिला मनातल्या मनात सगळं उलटवावं लागे आणि दोरा गुंतत जाई. मग मी जागा बदलली. शेजारी न बसता तिच्या समोर बसले, गुडघ्याला गुडघा लावून. समोर बसल्यावर माझा उजवा हात तिला आरशातला डावा दिसतो. ती डावीकडून उजवीकडे तुरपाई घालायला लागली, एका दुपारीत. काजाचे टाकेही तसेच शिकली. शिकवणाऱ्याने फक्त उठून जागा बदलायची आहे, याला पैसा लागत नाही.

पण आरशाने मला एकदा फसवलं. पहिला पूर्ण ब्लाउज तिने शिवला तेव्हा हुकाची पट्टी आणि हुक अडकवायच्या घरांची पट्टी यांची अदलाबदल झालेली. समोर बसून शिकताना तिने हातासोबत कपडाही उलटवला होता. चूक माझी, कारण आरशात काय घ्यायचं आणि काय नाही हे मी सांगितलंच नव्हतं. आता डावऱ्या मुलीला मी पहिल्याच दिवशी सांगते: हात उलटा, कपडा सुलटा. ज्याच्या दोन्ही बाजू सारख्या असतात तिथे काही बिघडत नाही. पट्टी, खिसा, एका खांद्यावरची डिझाईन असं जिथे असतं तिथे नमुना अंगावर धरून बघायचा आणि मगच कापायचं.

टेपची अडचण लहान, पण रोजची. डाव्या हाताने रेघ ओढणारी माणसं बऱ्याचदा उजवीकडून डावीकडे ओढतात. टेप तशी धरली की आकडे उलटे दिसतात, सहाचा नऊ वाचला जातो. तिने स्वतःच तोड काढली, माप नेहमीसारखं डावीकडून मोजायचं, खडूची खूण करायची, आणि रेघ मात्र आपल्या दिशेने ओढायची. कटिंगचं टेबल आमच्याकडे भिंतीला लावलेलं होतं, तिचा डावा कोपर भिंतीवर आपटायचा. टेबल दोन फूट पुढे ओढलं. इतकी वर्षं ते तिथे का होतं, कुणाला सांगता येईना.

धारेचा एक प्रसंग सांगायला हवा. दारावर येणाऱ्या धारवाल्याकडे तिची कात्री दिली तर तो सवयीने घासायला लागला. धारेचा उतार उलटा आहे हे त्याच्या लक्षात आलं नाही. मुलगी शेजारी उभी होती म्हणून कात्री वाचली. आता तिने मुठीला लाल दोरा बांधला आहे आणि धार लावताना स्वतः समोर थांबते. लाल दोऱ्याचा आणखी एक उपयोग झाला. वर्गातल्या मुली घाईत तिचीच कात्री उचलायच्या आणि ओरडायच्या, "अगं, ही चावती!" ती शांतपणे म्हणायची, "मला तुमची चावायची."

अजून न सुटलेलं

वर्ग डिसेंबरमध्ये संपला. ती आता गावातच ब्लाउज शिवते आणि आठवड्यातून तीन दिवस तालुक्याच्या गावी एका टेलरकडे कामाला जाते. आपली कात्री पिशवीत घेऊन जाते. पण तिथे ओव्हरटाइमच्या गर्दीत हाताला येईल ती कात्री घ्यावी लागते, आणि दिवाळीच्या, लग्नसराईच्या दिवसांत अंगठा परत दुखतो. याला माझ्याकडे उत्तर नाही. दुकानमालकाला दुसरी डावी कात्री घ्यायला मी कसं सांगू? तिने स्वतः पैसे साठवायला सुरुवात केली आहे.

आजीची भीतीही गेलेली नाही. मुलगी घरी अजून उजव्या हाताने जेवते, आणि ते बदलायचं तिच्या मनात नाही. "ते आता माझंच झालंय," म्हणते. त्यात मी पडत नाही. जेवायचा हात तिचा ती ठरवेल.

माझ्या वर्गाच्या प्रवेश अर्जात मी एक रकाना वाढवला. "आपण डावखुऱ्या आहात का?" असं विचारत नाही, कारण या मुलीने त्याला "नाही" असंच उत्तर दिलं असतं. विचारते ते असं: केर कुठल्या हाताने काढता? कंगवा कुठल्या हाताने धरता? दगड मारायचा तर कुठल्या हाताने? आणि पहिल्या दिवशी प्रत्येकीला कागद आणि कात्री देते आणि मी फक्त हात बघते. गेल्या दोन वर्गांत अशा तिघी निघाल्या. तिघीही उजव्या हाताने सही करतात. वर्गाच्या कपाटात आता लाल दोऱ्याच्या दोन कात्र्या आहेत.

मागच्या संक्रांतीला आजी स्वतः माझ्याकडे आली, नातीसोबत. हातात खण होता, जरीच्या काठाचा, कधीकाळी कुणीतरी ओटीत घातलेला. तिला चोळी शिवून हवी होती. खणाची चोळी कापणं सोपं नाही. कापड अरुंद, वाया घालवायला एक बोटही नसतं, आणि काठ बाहीवर बरोबर यावा लागतो. मी म्हटलं, "आजी, नातच कापेल." आजी टेबलाच्या कडेला उभी राहिली. नातीने खण पसरला, खडूने रेघा मारल्या, पिशवीतून कात्री काढली. आजी तिच्या हाताकडे बघत होती. कात्री काठाजवळून सरळ गेली, बाहीच्या बाकावर वळली, कुठे थांबली नाही.

शेवटचा तुकडा सुटा झाला तेव्हा आजीने कनवटीचे अकरा रुपये काढले आणि पुढे केले. नातीने सवयीने उजवा हात पुढे केला. डाव्या हातात कात्री होती. आजी म्हणाली, "ती ठिव खाली आदी," आणि तिने खाली ठेवल्यावर पैसे त्या हातावर ठेवले.